बीबीसीच्या विनोदी रेडिओ कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाहायचंय?
लंडनला जाणार असाल, तर बीबीसी रेडिओ ४ च्या ‘जस्ट अ मिनिट’ (१९६७ पासून) किंवा ‘द न्यूज क्विझ’ (१९७७ पासून) यांच्या रेकॉर्डिंगसाठी जरूर प्रयत्न करा. तिकीट फुकट असतं, अर्ज ऑनलाइन करायचा. पण तिकीट आलं म्हणजे खुर्ची मिळाली असं समजू नका! फुकट तिकीटवाले बरेच जण फिरकतच नाहीत, म्हणून जागांपेक्षा जास्त तिकिटं वाटतात. दारं उघडण्याच्या बरंच आधी रांग धरा. बॅगा तपासतात, तेव्हा जड सामान नको.

जेमतेम अर्ध्या तासाच्या भागासाठी रेकॉर्डिंग मात्र बरंच लांबतं. खरी मजा तिथेच आहे: प्रसारणात कापले जाणारे कितीतरी विनोद तुम्हाला ऐकायला मिळतात. संपलं असं वाटलं तरी लगेच उठू नका. अडखळलेली वाक्यं शेवटी पुन्हा घेतात आणि प्रेक्षकांनाही पुन्हा हसावं लागतं. परतीच्या गाडीची वेळ ठरवताना हे धरूनच चला.

‘न्यूज क्विझ’ साधारणपणे गुरुवारी रेकॉर्ड होऊन शुक्रवारी संध्याकाळी लागतं. जाण्याआधी त्या आठवड्याच्या ब्रिटिश बातम्या चाळाच, नाहीतर निम्मे विनोद डोक्यावरून जातील.