धंद्यासाठी पॉडकास्ट सुरू करताय? या चुका टाळा

ठाण्यात आणि नवी मुंबईत छोट्या व्यावसायिकांना पॉडकास्टचं वेड लागलंय, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. वागळे इस्टेटमधला पॅकेजिंगवाला, नौपाड्यातली दातांची डॉक्टर, सीवूड्समधला इंटिरियरवाला, सगळ्यांकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. पण तीन-चार भाग झाले की गाडी अडते. विचारलं की उत्तर ठरलेलं: "ऐकतंय कोण?" असे भाग ऐकणं आणि कापणं हेच माझं काम. त्यावरून सांगतो, ऐकणारे असतात. त्यांनी जे विचारलंय त्याचं उत्तर मात्र भागात नसतं.

स्वतःची कहाणी सांगत बसणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू. पहिला भाग "आमचा प्रवास", दुसरा "आमचं व्हिजन", तिसऱ्यात मालकाच्या मित्राची मुलाखत. गिऱ्हाईक दुकानात येऊन यातलं काही विचारतं का?

समजा, वाशीच्या एपीएमसीत तुमचा आंब्याचा गाळा आहे आणि आता तुम्ही घरपोच पेट्याही देता. फोनवर रोज येणारे प्रश्न आठवा. पेटी घरी आल्यावर उघडून ठेवायची की बंद? कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवला तर चालेल का? (नाही, मग तो नीट पिकत नाही.) बाहेरून इतका देखणा आंबा आतून साका (गर पांढरट, स्पंजासारखा) कसा निघाला? हा कर्नाटकचा तर नाही ना? पावडर टाकून पिकवलाय का? यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक भाग.

शेवटचा प्रश्न बहुतेक व्यापारी टाळतात. मी म्हणेन, सुरुवात तिथूनच करा. कॅल्शियम कार्बाइडने (हीच ती पावडर) फळं पिकवायला बंदी आहे, इथिलीन वायू मात्र १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत शंभर) वापरायची परवानगी आहे, हा फरक कित्येक गिऱ्हाइकांना कोणी समजावलेलाच नसतो. तुमच्याकडे आढी लावतात की रायपनिंग चेंबर आहे, ते सरळ सांगून टाका. साका कापल्याशिवाय कळत नाही हेही सांगा, आणि निघाला तर तुम्ही फळ बदलून देता का तेही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, हा तर अख्ख्या भागाचा विषय आहे. जाहिरातीचं एक वाक्य न बोलता गिऱ्हाईक तुमच्यावर विश्वास टाकतं, ते अशा भागांमुळे.

भागाचं नावही प्रश्नाचंच ठेवा. "भाग ७: गुणवत्तेचा ध्यास" असं कोणी शोधत नाही. "आंबा आतून साका का निघतो?" असं शोधतात.

खोली न बघता माइक घेणं

दुसरी चूक खिशाला बसते. महागडा कंडेन्सर माइक आणायचा आणि काचेच्या केबिनमध्ये, व्हिट्रिफाइड टाइल्सवर, एसीखाली ठेवायचा. कंडेन्सर माइक संवेदनशील असतो. तो तुमच्याबरोबर घोडबंदर रोडचे ट्रक, शेजारच्या गाळ्यातलं ग्राइंडर आणि एसीची घरघरही टिपतो. अशा जागी साधा यूएसबी डायनॅमिक माइक बरा, तो मुख्यतः जवळचाच आवाज घेतो. मात्र तो तोंडापासून चार बोटांवर हवा. हातभर लांब ठेवलात तर त्याचा काही उपयोग नाही.

माइक घेण्याआधी खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे टणटण ऐकू आली तर ती खोली सोडा. घरातली कपड्यांच्या कपाटाची, गाद्या-पडद्यांची खोली ऑफिसच्या कॉन्फरन्स रूमपेक्षा कधीही चांगली. पंखा, एसी, फ्रिज बंद. एमआयडीसीत असाल तर आजूबाजूच्या कारखान्यांना सुट्टी असेल तो दिवस धरा.

काही नेहमीच्या तक्रारी आणि त्यांवरचे उपाय:

आवाज घुमतो. संपादनात घुमणं पूर्ण जात नाही. जागा बदलून पुन्हा रेकॉर्ड करा.

आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. नॉइज रिडक्शन, म्हणजे संपादनात मागची घरघर काढणं, जास्त झालंय. ते निम्म्यावर आणा. थोडी घरघर चालते, चिरका आवाज चालत नाही.

आवाज फाटतो. रेकॉर्डिंगची पातळी वर गेलीय. मीटरवर आवाजाची शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

लोकलमध्ये ऐकू येत नाही. ही तक्रार आपल्याकडे फार महत्त्वाची. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बरचा प्रवास साधारण अर्ध्या तासाचा, आणि तुमचा ऐकणारा तिथेच कानात इयरफोन घालून उभा असतो. ॲपलची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपासची आहे. ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात अख्ख्या भागाचा आवाज या पातळीवर आणणारं लाउडनेस नॉर्मलायझेशन आहे. प्रत्येक भाग बाहेर पडण्याआधी त्यातून काढा. पाहुणा आणि तुम्ही यांच्या आवाजात फरक असेल तर आधी दोघांना सारखं करा, मग हे.

पाहुणा फोनवर तुटक येतो. कॉलचं रेकॉर्डिंग वापरू नका. दोघांनी आपापल्या बाजूला, अगदी मोबाइलच्या रेकॉर्डरवर का होईना, स्वतंत्र रेकॉर्ड करायचं. सुरुवातीला दोघांकडे ऐकू जाईल अशी टाळी वाजवली की नंतर दोन्ही फाइल्स जुळवणं सोपं जातं.

सिनेमाचं गाणं लावणं

"तीस सेकंद चालतात" हे कोणीतरी उठवलेलं आहे. कॉपीराइट कायद्यात अशी सूट नाही. गाण्याच्या शब्द-चालीचे हक्क वेगळे, ध्वनिमुद्रणाचे वेगळे, आणि धंद्याच्या पॉडकास्टला दोन्हींची परवानगी लागते. त्यापेक्षा ओळखीतल्या वादकाकडून दहा सेकंदांची धून वाजवून घ्या, पैसे द्या, वापराची परवानगी लेखी घ्या. गडकरी रंगायतनच्या गावात हार्मोनियमवाला शोधायला लांब जावं लागत नाही.

खातं दुसऱ्याच्या नावावर

हे लिहिताना मला कळकळ वाटते, कारण याचा फटका उशिरा कळतो. पॉडकास्ट म्हणजे मुळात एक आरएसएस फीड, म्हणजे इंटरनेटवरची तुमच्या भागांची यादी. स्पॉटिफाय, ॲपल वगैरे त्या फीडवरून भाग उचलतात. ती फीड ज्या होस्टिंग खात्यात (जिथे भागांच्या फाइल्स ठेवतात) आहे ते खातं एजन्सीच्या किंवा भाच्याच्या ईमेलवर उघडलेलं असतं. पुढे संबंध बिघडले, भाचा परदेशी गेला, की पासवर्ड सापडत नाही आणि फीड हलवता येत नाही. फीड नव्या होस्टवर न्यायची तर जुन्या पत्त्यावरून कायमचं रिडायरेक्शन (जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्याकडे पाठवणं) लावावं लागतं, आणि ते लावायला जुनं खातं हातात लागतं. म्हणून पहिल्या दिवशीच धंद्याच्या ईमेलवर, धंद्याच्या मोबाइल नंबरवर खातं उघडा आणि मदतनिसाला फक्त वापरायची परवानगी द्या.

जाता जाता, गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं. तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर किंवा पेटीवरच्या क्यूआर कोडमागे अजून तीच लिंक असेल तर ती आजच बदला.

व्हॉट्सॲपवर टाकलं, काम झालं

ब्रॉडकास्ट पाठवूनही कोणी ऐकत नाही? आधी हे तपासा की गिऱ्हाइकांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय का. केला नसेल तर ब्रॉडकास्ट त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. बिल देतानाच नंबर सेव्ह करायला सांगा. आणि नुसती लिंक टाकू नका. भागातलं ४०-५० सेकंदांचं कामाचं उत्तर कापून पाठवा, लिंक त्याखाली.

डाउनलोडच्या आकड्यावर जीव टांगणं

डाउनलोड म्हणजे ऐकणं नव्हे. फोनने फाइल आपोआप उतरवून ठेवली तरी तो आकडा वाढू शकतो. स्पॉटिफाय आणि ॲपलच्या आकडेवारीत लोक कुठे सोडून जातात ते दिसतं, ते बघा. पहिल्या दोन मिनिटांतच गळती असेल तर "नमस्कार मंडळी"नंतरची लांबलचक ओळख कापा आणि थेट प्रश्नावर या. आणि दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की "आमच्याबद्दल कुठून कळलं?" हे विचारून वहीत टिपा. शंभर ऐकणाऱ्यांतले पाच जण पेटी घेणार असतील तर तुम्हाला हजारांची गरज नाही.

मोसम न बघणं

आंबेवाल्याने मे महिन्यात पॉडकास्ट सुरू करू नये, तेव्हा त्याला जेवायलाही फुरसत नसते. डिसेंबर-जानेवारीत चार-पाच भाग रेकॉर्ड करून ठेवा, फेब्रुवारीत पहिल्या पेट्यांबरोबर सोडायला लागा, पंधरा दिवसांतून एक. मोसम संपला की शेवटच्या भागात स्पष्ट सांगा की आता पुढच्या वर्षी भेटू. पुढच्या जानेवारीत जुने भाग एकदा स्वतः ऐका. भाव, फोन नंबर किंवा डिलिव्हरीचा परिसर बदलला असेल तिथे तेवढाच तुकडा नव्याने रेकॉर्ड करून त्याच भागात फाइल बदला. होस्टिंगवर फाइल बदलता येते, लिंक तीच राहते.