मुलांच्या सचित्र पुस्तकात या चुका टाळा: एडक्यापासून गुऱ्हाळापर्यंत

कोल्हापुरात चित्रकारांना तोटा नाही. एका गल्लीत गणपती रंगवणारा, दुसरीत दुकानांच्या पाट्या रंगवणारा आणि तिसरीत आर्टचा कोर्स नुकताच संपवून काम शोधणारा पोरगा हमखास सापडतो. तरीही लहान मुलांचं शिकायचं पुस्तक उघडलं की चित्रं देखणी आणि पुस्तक फसलेलं, हे मी सतत बघतो. त्यातली काही पुस्तकं मीच मांडलेली आहेत, म्हणून थोडं अधिकारानं बोलतो.

पहिल्या अक्षरपुस्तकात मी ‘ए एडक्याचा’ घेतला. का, तर आम्ही तसंच पाठ केलं होतं. चित्रकारानं वळलेल्या शिंगांचा झकास एडका काढून दिला. छापायच्या आधी डमी, म्हणजे नमुना प्रत, शेजारच्या साडेचार वर्षांच्या मुलीपुढं ठेवली. तिनं चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “बकरं.” मी म्हटलं, नीट बघ की. “मग मेंढरू.” तिचं काही चुकलं नव्हतं, आमचंच पान चुकलं होतं. आम्ही एडका काढून एसटी घातली. खेड्यातली पोरं पटकन ‘एसटी’ म्हणाली, शहरातली म्हणाली ‘केएमटी’, म्हणजे कोल्हापूरची शहर बस! शेवटी मागं घाटाचं वळण काढलं आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस दाखवला, तेव्हा कुठं सगळ्यांची एसटी झाली.

अक्षराच्या पानावर चित्राचं एकच नाव निघायला हवं. ‘फ’साठी फूल म्हणून जास्वंद काढलंत तर मूल ‘जास्वंद’ म्हणणार आणि ‘फ’ तिथंच राहणार. म्हणून शब्द झाकून नुसती चित्रं पाच-सहा मुलांना दाखवा, ती जे म्हणतील ते जसंच्या तसं लिहून घ्या. ज्या चित्राला दोन नावं आली, ते बदला. आपल्याला जुनं वाटणारं चित्र मात्र न विचारता काढू नका. ‘ऐ ऐरणीचा’ हद्दपार करायला सगळे टपलेले असतात, पण उद्यमनगरात ज्याच्या बापाचं वर्कशॉप आहे त्या पोराला ऐरण लांबूनही ओळखू येते.

दुसरी चूक मुखपृष्ठावरच छापलेली असते: ‘वयोगट ३ ते १२’. हा वयोगट नव्हे, ही विक्रीची आशा. तीनच्या आतलं मूल पुस्तक चावतं, त्याला जाड पुठ्ठा, गोल कोपरे आणि पानावर एकच वस्तू द्या, पिन तर कुठंच नको. पुढं मात्र एक गंमत आहे. चार वर्षांच्या मुलाला आई किंवा आजी वाचून दाखवते, त्यामुळं तिथं ‘घमघमाट’, ‘तारांबळ’ असे भरघोस शब्द खुशाल येऊ द्या. सहा वर्षांचं मूल स्वतः वाचायला लागतं, त्याला ‘विद्यार्थ्यांनो’ म्हणजे पन्हाळ्याची चढण. म्हणजे मोठ्या मुलाचं पुस्तक काही काळ धाकट्याच्या पुस्तकापेक्षा सोपं असावं लागतं, आणि लेखकांना हेच पटत नाही. मुलांची पुस्तकं काढणारं प्रथम बुक्स आपल्या गोष्टींच्या चार पातळ्या करतं. पहिल्या पातळीत २५०पेक्षा कमी शब्द, चौथ्या पातळीत १५००च्या वर. वय ठरवताना अडलात तर हा मापदंड हाताशी ठेवायला बरा.

अंकांच्या पुस्तकात आमचा एक आंबा हरवला. ‘७’ला जोडपानभर सात आंबे काढले होते. बांधणी परफेक्ट, म्हणजे डिंकाची, पानं पूर्ण उघडत नाहीत. मधला आंबा शिवणीत गेला आणि पोरं इमानदारीनं सहाच मोजू लागली. शिवणीच्या दोन्ही बाजूंना एक-दीड सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. मागच्या आभाळातले पक्षीही काढून टाका, मुलं तेही मोजतात. चित्रं एआयकडून करून घेत असाल तर हाताची बोटं आधी स्वतः मोजा.

तिसरी-चौथीच्या पुस्तकात चित्र नुसतं शोभेचं राहत नाही, ते माहिती सांगतं. तिथली चूक म्हणूनच महागात पडते. एका नकाशात पंचगंगेला येऊन मिळणाऱ्या पाच ठळक निळ्या रेघा काढल्या होत्या. नावात पंच आहे ना! प्रत्यक्षात कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती अशा चारच दिसतात, पाचवी सरस्वती गुप्त मानतात. पाचवी रेघ तुटक काढून शेजारी ‘असं मानतात’ एवढं लिहिलं असतं तर भूगोलही सांभाळला गेला असता आणि श्रद्धाही.

दहा-बाराच्या मुलांना गोबऱ्या गालाचं कार्टून दिलं की ती पुस्तक मिटतात. “हे बारक्यांचं आहे.” त्यांना वस्तू आतून कशी चालते ते बघायचं असतं. गुऱ्हाळाचं चित्र आमच्याकडं आलं तेव्हा धूर, उसाची मोळी, हसरा शेतकरी, सगळं होतं. एका सहावीतल्या मुलानं विचारलं, “जाळ कशाचा घालतात?” खरी गोष्ट तिथंच होती. चरकातून रस निघतो तशी चिपाडंही निघतात, ती वाळवून चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, जातात आणि त्याच जाळावर काहिलीतला रस उकळतो. जंगली भेंडीच्या चिकानं मळी वर येते, ती काढतात. पाक कधी उतरवायचा ते गुळव्या, म्हणजे गूळ करणारा जाणकार, ठरवतो. मग वाफ्यात निववून रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, करतात. नवीन चित्रात धूर कमी केला आणि चरकाकडून चुलवाणाकडं जाणारा जाड बाण घातला. नावं त्या-त्या भागाशेजारीच लिहा. चित्रात १, २, ३ आणि खाली यादी दिलीत की मुलाची नजर वर-खाली करून दमते.

अक्षरांचं दुखणं वेगळंच. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘सह्याद्रीच्या दऱ्या’चं ‘सह्याद्रीच्या दर्या’ होतं. दऱ्या बुडाल्या, समुद्र आला! स्पेलचेकला दोन्ही शब्द बरोबरच वाटतात, त्यामुळं डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली तर वर्ल्ड-रेडी कंपोझर हा भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय चालू आहे का ते आधी बघा. २००९च्या शासन निर्णयानं पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले आहेत. पुष्कळ फॉन्ट हिंदी वळण देतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडली की काही फॉन्ट आपोआप वळणावर येतात. ओळींत अंतर भरपूर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. आणि नवशिक्यांच्या पुस्तकात ओळी ताणून दोन्हीकडून समास जुळवू नका, शब्दांमध्ये नुसती खिंडारं पडतात.

प्रेसमधलं थोडक्यात. सेंटर पिनच्या, म्हणजे मधोमध पिन मारलेल्या, पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात, लेखकाची २७ पानं आली की तिथंच थांबवा. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांतून केलेला काळा जरा हलला की बारीक अक्षराला सावली पडते.

रंग स्क्रीनवर बघून पास करू नका, प्रूफ, म्हणजे छापील नमुना, घ्या. जोतिबाच्या चैत्र यात्रेचं एक पान स्क्रीनवर गुलालानं पेटलेलं होतं, प्रूफवर अगदी मलूल आलं. स्क्रीनचा तो झगझगीत गुलाबी चार शाईंत बसतच नाही. वेगळी शाई घ्यायची तर पाचवी प्लेट आणि वाढीव खर्च. चित्रकार गुलाल आणखी गडद करत बसला, तो आणखी मळला. शेवटी त्यानं गुलालाला हात लावायचं सोडलं आणि मागचं आभाळ व सासनकाठ्या दोन छटा फिक्या केल्या. दुसऱ्या प्रूफवर गुलाल उठून आला.