जपानला येताय? आधी टपालपेटीवर नाव लावा

माझा मावसभाऊ ऑक्टोबरमध्ये तोक्योत नोकरीवर रुजू होतोय. गेले पंधरा दिवस त्याचे फोन चालू आहेत. स्वेटर किती आणू, कुकर आणू का, तूरडाळ मिळते का? मिळते बाबा. निशी-कासाईला जा, हिंगापासून पोह्यांपर्यंत सगळं मिळतं. त्या भागात एवढे भारतीय आहेत की २०१९ साली एदोगावा वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले होते. डाळीची काळजी सोडा. मला इथे अकरा वर्षं झाली. थंडीनं किंवा भाषेनं अडलेली माणसं मी फार पाहिली नाहीत, कागदानं अडलेली मात्र रोज भेटतात. आणि जपानमध्ये कागद अजूनही टपालानं येतो.

माझंच सांगते. पहिल्या महिन्यात बँकेनं एटीएम कार्ड रजिस्टर टपालानं पाठवलं. मी वाट बघतेय, बघतेय. तीन आठवड्यांनी बँकेत गेले तर कळलं, कार्ड परत गेलंय. पत्ता बरोबर होता, पण इमारतीखालच्या पेटीवर फक्त खोलीचा नंबर होता. या नावाचं कुणी इथं राहतं याची पोस्टमनला खात्री पटली नाही, त्यानं परत पाठवलं. खात्यात पगार जमा, आणि मी मैत्रिणीकडून दहा हजार येन उसने घेऊन भात-अंडी खातेय. त्याच संध्याकाळी काताकाना लिपीत नाव लिहून पट्टी चिकटवली. तुम्ही किल्ली हातात पडेल त्या दिवशीच चिकटवा.

ते नाव कसं लिहायचं, हेही एकदाच ठरवा. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असा तीन डब्यांचा प्रकार पासपोर्टवर असतो आणि इथल्या फॉर्ममध्ये तेवढे चौकोन नसतात. वर जपानीत ल नाही, जोडाक्षरं नाहीत. मी कुलकर्णी, म्हणजे ‘कुरुकारुनी’. पण फोन कंपनीत कुणीतरी ‘कुरुकानी’ लिहिलं आणि बँकेच्या नावाशी ते जुळेना म्हणून बिलाचा फॉर्म दोनदा परत आला. एक कागद घ्या, त्यावर काताकानात पूर्ण नाव लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक खिडकीवर त्यात बघूनच लिहा.

पहिल्या पंधरवड्याचा क्रम

झाइर्यू कार्ड, म्हणजे तुमचं रहिवासी ओळखपत्र, नारिता किंवा हानेदासारख्या मोठ्या विमानतळावर उतरल्या उतरल्या हातात मिळतं. त्यावर पत्ता नसतो. राहायची जागा ठरली की १४ दिवसांच्या आत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, जाऊन तो मागच्या बाजूला लिहून घ्यायचा. तो येईपर्यंत फोन नाही, आणि फोन नाही तोवर बँक नाही. क्रम उलटा करायला जाऊ नका, दिवस वाया जातात. त्याच खिडकीवर जूमिनह्योच्या, म्हणजे रहिवासी दाखल्याच्या, दोन-तीन प्रती मागून ठेवा, त्या लागतातच. माय नंबरचं, म्हणजे प्रत्येक रहिवाशाला मिळणाऱ्या ओळख क्रमांकाचं, पत्र नंतर टपालानं येतं. परत पेटी!

बँकेत सहा महिन्यांचा घोळ असतो. देशात येऊन सहा महिने झाले नसतील तर बऱ्याच बँका एकतर खातं उघडत नाहीत किंवा मर्यादित खातं देतात. कंपनीच्या एचआरला पहिल्याच दिवशी विचारा, आपल्या लोकांची खाती कुठे आहेत. त्या शाखेला कंपनीची माणसं माहीत असतात, काम सोपं होतं.

कार्ड सतत जवळ बाळगायचं, हा कायदा आहे. आणि गणपतीला घरी जाताना विमानतळावरच्या छोट्या फॉर्मवर ‘परत येणार’ या अर्थाच्या चौकोनात खूण करायला विसरू नका. ती केली की वर्षभरात त्याच व्हिसावर परत येता येतं (व्हिसा त्याआधी संपत असेल तर तेवढ्यातच). ती नसेल तर सगळं पहिल्यापासून.

घर

एजंट घरमालकाला फोन लावतो, आवाज खाली आणतो, “गाइकोकुजिन देस गा...” म्हणतो, म्हणजे ‘परदेशी आहेत, पण...’. त्या ‘पण’नंतर मला तीन घरं नाकारली गेली. राग येतो. येऊ द्या, पण त्यात आठवडा घालवू नका. खाजगी घराला शिकिकिन म्हणजे अनामत, रेइकिन म्हणजे मालकाला दिलेली आणि कधीच परत न येणारी रक्कम, शिवाय एजंटची दलाली आणि हमी देणाऱ्या कंपनीची फी असा खर्च एकदम पडतो. यूआर नावाच्या निमसरकारी संस्थेच्या घरांना रेइकिन नाही, दलाली नाही, जामीनदार नाही. उत्पन्नाची अट तेवढी असते. इमारती जुन्या असतात, पण भिंती जाड आणि बाल्कनी वाळवणाला पुरेशी.

आणखी एक. रिकामं घर म्हणजे खरंच रिकामं. पडदे नाहीत, गॅसची शेगडी नाही आणि पुष्कळदा छताला दिवासुद्धा नाही, फक्त तो अडकवायची खोबण. माझी पहिली रात्र न्हाणीघरातल्या बल्बच्या उजेडात गेली. दिवसाउजेडी ताबा घ्या. गॅस सुरू करायला माणूस येतो तेव्हा आपण घरात असावं लागतं, त्यामुळे त्याची वेळ आधी घेऊन ठेवा.

कचऱ्याचं वेळापत्रक वॉर्ड ऑफिसातून मिळतं, ते फ्रिजवर लावा. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी लाल स्टिकर लावून तिथंच सोडून देतात आणि ती कुणाची हे सगळ्या मजल्याला कळतं. समोरच्या आजींनी मला एकदा हात धरून शिकवलं. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण वेगळं, वेष्टण वेगळं, बाटली विसळून. आणि कावळ्यांनी फाडू नये म्हणून पिशवीवर जाळी ओढायची.

कामाच्या ठिकाणी

इथे एक शब्द पहिल्या आठवड्यात ऐकाल. होउरेनसोउ. अर्थ पालक, भाजीतला. पण ऑफिसात तो होउकोकु, रेनराकु, सोउदान या तिघांचा मिळून झालेला शब्द आहे. झालं ते सांगणं, कळवत राहणं, अडलं तर विचारणं. आपल्याकडे ‘बघते, होऊन जाईल’ म्हणणं हा धीर देण्याचा प्रकार आहे. मी पहिल्या वर्षी शुक्रवारी द्यायच्या कामाबद्दल असंच म्हटलं आणि सोमवारी सकाळी दिलं. साहेब उशिरावर एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, “बुधवारी कळलं होतं ना? मग बुधवारी का नाही सांगितलं?” त्यांनी आमच्या ग्राहकाला शुक्रवारचा शब्द दिला होता. तेव्हापासून मी अडचण तीन ओळींत आणि तीन दिवस आधी सांगते. कटकटी वाटू, ही भीती सोडा.

उलट बाजूनं, ‘मुझुकाशी देस ने’, म्हणजे ‘अवघड आहे हो’, असं कुणी हवा आत ओढत म्हणालं तर ते ‘नाही’ असतं. दुसऱ्या दिवशी परत विचारायला जाऊ नका.

व्याकरणाचं मात्र फार घाबरू नका. क्रियापद शेवटी, विभक्ती नामाच्या मागे, आणि वाक्याच्या शेवटी आपल्या ‘ना’सारखा ‘ने’. आपल्याला हे घरचं आहे. डॉक्टरकडे तर मराठी माणसाची चैनच. कुठे दुखतं यापेक्षा कसं दुखतं ते विचारतात, आणि त्याला शब्द आपल्यासारखेच दुहेरी. झुकिझुकि म्हणजे ठणका, चिकुचिकु म्हणजे टोचल्यासारखं, हिरिहिरि म्हणजे चुरचुर, मुकामुका म्हणजे मळमळ. हे चार पाठ करून या. विम्यामुळे बिलाचे ३० टक्केच आपल्याला भरावे लागतात, त्यामुळे अंगावर दुखणं काढू नका.

पाकिटं उघडा

पहिल्या वर्षी पगार भरपूर वाटतो, कारण जूमिनझेइ हा रहिवासी कर आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो आणि आधीच्या वर्षी तुम्ही इथे नव्हता. दुसऱ्या वर्षी जूनपासून तो सुरू होतो, साधारण १० टक्के. तो बाजूला काढत चला. जून आला की आमच्या मंडळातल्या नव्या मुलांचे चेहरे बघवत नाहीत.

नोव्हेंबरच्या आसपास कंपनी वर्षअखेरीच्या हिशोबाचे फॉर्म देते. आईबाबांना पैसे पाठवत असाल तर त्यांना अवलंबित दाखवून कर वाचतो. पण दोघांना वेगवेगळे पाठवा. बाबांच्या खात्यात दोघांचे एकदम टाकले तर ते एकट्या बाबांचे धरतात. २०२३ पासून ३० ते ६९ वयाच्या नातलगासाठी वर्षाला किमान ३,८०,००० येन पाठवल्याचा पुरावा लागतो, आणि शिवाय जन्मदाखल्यासारख्या कागदाचं जपानी भाषांतर.

पेन्शनचं. भारतातल्या कंपनीनं पाठवलं असेल तर निघण्याआधी ईपीएफओकडून, म्हणजे आपल्या प्रॉव्हिडंट फंडाच्या कार्यालयाकडून, कव्हरेजचं (तिकडे वर्गणी चालू असल्याचं) प्रमाणपत्र घ्या. १ ऑक्टोबर २०१६ पासून दोन्ही देशांचा करार लागू आहे, पाच वर्षांपर्यंत इथली वर्गणी टळते. इथल्याच कंपनीत लागलात तर नेनकिन, म्हणजे इथल्या पेन्शनची वर्गणी, कापली जाणार. कायमचं परतताना एकरकमी परतावा मागता येतो, पण देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत. तो घेतला की ती वर्षं पेन्शनच्या मोजणीतून पुसली जातात, म्हणून आधी गणित करा.

भूकंप

फोन किंचाळेल. घाबरून बाहेर पळू नका, टेबलाखाली जा, हादरे थांबले की दार उघडून ठेवा. मोठ्या धक्क्यानंतर गॅस बंद पडला तर तो मीटरनं स्वतःच बंद केलेला असतो. वास येत नसेल तर शेगडी-गीझर बंद करायचे, मीटरवरचं बटण दाबायचं, तीन मिनिटं थांबायचं, गॅस परत येतो. फक्त तो मीटर कुठला हे एखाद्या रविवारी बघून ठेवा. मी पहिल्या वेळी रात्री दोन वाजता मोबाइलचा उजेड धरून पंधरा मिनिटं पाण्याच्या मीटरवर बटण शोधत होते.