मायक्रोमीटर पूर्ण बंद करून ठेवू नका
मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायचं स्क्रूचं साधन) डब्यात ठेवताना अँव्हिल (स्थिर टोक) आणि स्पिंडल (सरकणारं टोक) एकमेकांना टेकवून ठेवू नका, थोडी गॅप सोडा, कारण टेकलेल्या फेसमध्ये (टोकांच्या सपाट बाजूंमध्ये) ओल अडकून गंज धरतो आणि गरमीत धातू फुगला की फ्रेमवर ताण येतो. माप घ्यायच्या आधी कोरा कागद दोन्ही फेसमध्ये हलका धरून ओढून काढा, त्यावर काळी रेघ उमटली तर तेवढा मळ तुमच्या मापात येत होता, मग झिरो चेक करा, म्हणजे टोकं टेकवल्यावर माप शून्यच दाखवतं ना ते बघा. रॅचेटनेच (ठरावीक दाब आला की नुसती फिरणारी शेवटची छोटी मूठ) फिरवा, थिंबल (आकडे कोरलेली फिरणारी नळी) आवळून नाही. आणि लेथवरून उतरवलेला गरम जॉब (मशीनवर बनवलेला भाग) लगेच मोजू नका हो, मापं 20 डिग्रीला धरलेली असतात, 100 मिमीचा स्टीलचा जॉब नुसता 10 डिग्री जास्त तापलेला असला तरी साधारण 0.01 मिमी मोठा भरतो.