एक्झिट हिमनदी पाहायची तर पायथ्यापासून

अलास्कात आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना हार्डिंगचं बर्फाचं पठार बघायची घाई असते. मी त्यांना आधी स्यूअर्ड गावाजवळ, त्याच पठारावरून उतरणाऱ्या एक्झिट हिमनदीच्या पायथ्याशी तासभर रेंगाळायला लावते. तिथे काही बघितलं नाही, तर वर नुसते फोटो होतात.

गाडी हळू चालवा. रस्त्यावरच्या आणि पुढे पायवाटेवरच्या पाट्यांवर फक्त सालं आहेत: 1917, 1926, 1951. त्या त्या साली बर्फाची कड तिथवर होती. पाटीपेक्षा भोवतालची झाडं बघा. जुन्या सालांकडे सूचिपर्णी स्प्रूस, मग रुंद पानांचे कॉटनवूड, मग आल्डरची झुडपं, आणि 2010 च्या पाटीपलीकडे बहुतेक उघडा दगड. त्या दगडावर समांतर ओरखडे शोधा. सरकत्या बर्फाच्या तळाशी अडकलेल्या खड्यांनी ते काढलेत, त्यामुळे बर्फ कोणत्या रेषेत सरकला ते कळतं. ओढ्याचं राखाडी, दुधाळ पाणी म्हणजे त्याच दगडाचा भुगा.

आता पठाराकडे जाणारी पायवाट चढा. जाऊन-येऊन सुमारे 13 किलोमीटर, सहा ते आठ तास, आणि दर मैलाला साधारण 1000 फूट चढ. वरच्या भागात जुलैतही बर्फ असू शकतो, म्हणून मी ऑगस्ट सुचवते. आल्डरच्या दाटीत काळी अस्वलं असतात. मोठ्याने गप्पा मारत चाला. अस्वलांना पिटाळायचा स्प्रे तिथेच विकत घ्या, विमानातून नेता येत नाही.

वाटेतल्या मार्मट मेडोज या कुरणाशी गुडघे कुरकुरू लागले तर खुशाल मागे फिरा, पण आधी हिमनदीतल्या भेगा नीट बघून घ्या. खालचा तळ एकदम उतरतो तिथे वरचा ठिसूळ बर्फ ताणला जाऊन फाटतो. ऑगस्टअखेर बर्फावर एक सीमा दिसते: वर पांढरं हिम, खाली मळकट उघडा बर्फ. सीमेच्या वर साठतं, खाली वितळतं. दरवर्षी ही सीमा फार वर राहिली की हिमनदी आटत जाते.

माथ्यावरून सुमारे 1800 चौरस किलोमीटरच्या पठाराची एक कड दिसते. बर्फातून डोकावणारे काळे सुळके म्हणजे नुनाटक, गाडल्या गेलेल्या डोंगरांची टोकं. इथून चाळीसेक हिमनद्या निघतात. खाली पाहिली ती त्यातली एक.

बर्फावर मात्र पाऊल टाकू नका, भेगा ताज्या हिमाखाली झाकलेल्या असतात. पठारावरून येणारा वारा बोचरा असतो, तेव्हा थांबण्याआधीच जाकीट चढवा. वाटेच्या शेवटाजवळची झोपडी अडचणीत सापडलेल्यांसाठी आहे, डबा खायला नाही.