चांगली प्रत विका, खरखरती ठेवा

एकाच एलपीच्या, म्हणजे मोठ्या ग्रामोफोन रेकॉर्डच्या, दोन प्रती घरात झाल्या की एक काढायचा तगादा घरातूनच लागतो. माझ्याकडे भीमसेन जोशींची एचएमव्ही कंपनीची एक एलपी अशी दुहेरी झाली होती. एक वडिलांच्या वेळची, भरपूर वाजलेली. दुसरी चोपड्याकडच्या एका लाउडस्पीकरवाल्याच्या माळ्यावरून आलेली. त्याच्याकडच्या सिनेगाण्यांच्या छोट्या ईपी लग्नांत वाजून वाजून करड्या पडल्या होत्या, पण वरातीत ख्याल कोण लावतो? त्यामुळे ही जवळपास कोरीच राहिली.

विकली ती कोरी. मित्र म्हणाले, ‘भो, उलटं केलंस.’ मला तसं वाटत नाही. घेणारा रेकॉर्डवरच्या, सुई फिरते त्या खाचांच्या अवस्थेचे पैसे देतो, आपल्या आठवणींचे देत नाही. वडिलांच्या प्रतीला बाजारात चहापाण्याचे पैसेही मिळाले नसते, आणि तिच्या दुसऱ्या बाजूची टक्‌टक् आता मला तबल्याइतकीच पाठ आहे.

तर विकायचं ठरलं की आधी रेकॉर्ड नेमकी कोणती ते ओळखा. कव्हरवर आणि लेबलवर क्रमांक असतो. एचएमव्हीच्या शास्त्रीय संगीतात ईसीएलपी म्हणजे मोनो, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ. पण कव्हरवर विसंबू नका, वर्षानुवर्षांत कव्हरांची अदलाबदल होते. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर बारीक कोरलेला किंवा ठोकलेला क्रमांक असतो, तो भिंगातून वाचून लिहून घ्या. जाणता गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच विचारतो, कारण त्यावरून छपाई पहिली की नंतरची याचा अंदाज येतो.

मग उजेड. ट्यूबलाइटखाली सगळ्याच रेकॉर्डी छान दिसतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात खिडकीशी उभं राहा, रेकॉर्ड कडेने आणि मधल्या लेबलाला धरा, आणि हळूहळू तिरपी करा. बोटांच्या तेलाचे डाग फिकट दिसतात, ते पुसले जातात. केसासारखी रेघ असेल तर नखाची कड तिच्यावरून अलगद फिरवा. नख अडलं तर ती रेघ वाजणार, नाही अडलं तर बहुधा नाही. करडेपणा मात्र कशानेच जात नाही. प्लेअरच्या जड दांड्याच्या, झिजलेल्या सुईने खाचेच्या भिंती खाल्लेल्या असतात, आणि वरच्या सुरात आवाज फाटतो. लाउडस्पीकरवाल्यांचा माल घेताना हे आधी बघायचं.

धुवायची असेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरा, नळाचं नको. आपल्याकडच्या पाण्यातला क्षार खाचेत बसतो. भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेनेच गोल फिरवायचं, लेबल कोरडं ठेवायचं, शेवटी नुसत्या पाण्याचा हात. जुनी, मिनिटाला ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी असेल तर स्पिरिट लावायचं नावच काढू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

आता दोन्ही बाजू पूर्ण ऐका. सुरुवातीची दोन मिनिटं ऐकून ‘चांगली वाजते’ लिहिणारे विक्रेते मला ठाऊक आहेत. खरखर वेगळी, टक्‌टक् वेगळी, आणि सुई अडकून तेच तेच वाजणं वेगळं. कुठल्या बाजूला, कितव्या मिनिटाला काय होतं ते कागदावर मांडा आणि जाहिरातीत तसंच घाला. दोष तुम्ही आधी सांगितलात तर घासाघीस कमी होते. दर्ज्याची अक्षरं टाकताना हात आखडता ठेवा: मिंट म्हणजे न वाजवलेली, निअर मिंट जवळपास तशी, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस थोड्या खुणांची, नुसती व्हीजी ऐकू येणाऱ्या खरखरीची. माझी कोरी मी व्हीजी प्लस म्हणूनच टाकली, कारण कव्हरच्या मागे निळ्या शाईत ‘मामांकडून सप्रेम भेट’ असं लिहिलेलं होतं आणि खालचा कोपरा कसरीने खाल्ला होता. शाई खोडू नका, वरून कागद चिकटवू नका. फोटो काढा आणि दाखवा.

किमतीचं म्हणाल तर डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर त्याच क्रमांकाची प्रत *विकली* कितीला गेली ते बघा. मागितलेले आकडे वाटेल ते असतात. भंगारवाल्याच्या भावाने देऊ नका, आणि मुंबईच्या चोरबाजारातल्या दुकानदाराने सांगितलेला भाव आपल्यालाही मिळेल असं धरू नका. त्याला भाडं आहे, आणि मालही वर्षभर पडून राहतो.

बांधणी हा माझ्या आवडीचा भाग. रेकॉर्ड कव्हरच्या आत ठेवून पाठवायची नाही. वाटेत दणका बसला की तिची कड कव्हरची शिवण फाडते. पातळ पिशवीत घालून ती कव्हरच्या मागे ठेवायची आणि दोन्ही मिळून एका मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत. मग पुठ्ठा. सावदा-रावेरकडून बाहेर जाणाऱ्या केळीची कोरुगेटेड खोकी भुसावळात सहज मिळतात, त्यामुळे वेगळा पुठ्ठा विकत घ्यायची गरजच नाही. बारा इंची रेकॉर्डला तेरा इंची चौकोन कापा, चार तरी. दोन खालून, दोन वरून, आणि पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हाळ्या एकमेकांना आडव्या येतील असे रचा, म्हणजे वाकत नाहीत. सगळं मिळून खोक्यात हलता कामा नये. हलवून बघा, खुडखुड आली तर कोपऱ्यांत कागद भरा.

मे महिन्यात मात्र पाठवू नका. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांना टेकतो, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं; रेकॉर्डच्या विनाइल प्लॅस्टिकचा पापड होतो. वाकलेली रेकॉर्ड काचेखाली दाबून उन्हात सरळ करायचे प्रयोग लोक सांगतात. करू नका, खाचा बिघडतात. वाकलेली आहे असं लिहून कमी भावाने द्या. मी पाऊस लागेपर्यंत थांबलो आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला तसं सांगितलं. पैसे आधी घेतले, बांधताना प्रत्येक थराचा फोटो पाठवला, आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढायला लावला. तसा व्हिडिओ नसेल तर फुटल्याची तक्रार कुरिअरवाले सहसा ऐकून घेत नाहीत.