सीतेच्या वेणीला तांदळाचं पाणी

सीतेची वेणी ही सह्याद्रीतली आमरी (ऑर्किड) झाडाच्या खोडावर वाढते, तिला माती नकोच. रोप नर्सरीतून घ्या (जंगलातून ओरबाडलेलं सहसा जगत नाही) आणि कोळसा व नारळाच्या सोडणांवर बांधा. तांदूळ धुतलेलं ताजं पाणी चौपट साध्या पाण्यात मिसळून आठवड्यातून एकदा मुळांवर फवारा. आंबलेलं नको. दुसऱ्या दिवशी मुळं साध्या पाण्याने धुवा. चंदेरी मुळं हिरवट झाली की पाणी पोचलं! शेंड्यात मात्र थेंबही साचू देऊ नका, तिथूनच कूज लागते.

मे-जूनमध्ये तुरा लोंबला की सकाळच्या कोवळ्या उजेडात, मागे काळी छत्री धरून फोटो काढा. पांढऱ्या पाकळ्यांवरचे जांभळे ठिपके कडक उन्हात फोटोत फिके दिसतात.